अण्णांचं जुनं इंग्रजी

माझे वडील गेले त्याला या भाद्रपदात वर्ष होईल. मी त्यांना अण्णा म्हणत असे, बाकी निम्मं भोर त्यांना सर म्हणायचं. शेवटचे काही महिने ते मराठी बोललेच नाहीत. वेल्ह्याच्या डोंगरात जन्मलेला, आयुष्यभर याच मुलखात राहिलेला माणूस शेवटी फक्त इंग्रजी बोलत राहिला. आणि तेही असं इंग्रजी, की आज इंग्लंडातसुद्धा ते कुणी बोलत नसेल. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. पण त्याच घरात माझी आई होती, तिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तिच्यावर काय वेळ आली ते या हसणाऱ्यांना ठाऊक नाही.

अण्णा मूळचे पासलीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. भाताची खाचरं आणि चार जनावरं, एवढाच कारभार. पुढच्या शाळेसाठी ते भोरला आले आणि एका म्हाताऱ्या वकिलांकडे राहिले. वकिलांनी संस्थानाच्या काळात वकिली केलेली, घर पुस्तकांनी भरलेलं. अण्णांनी पाणी भरायचं, पूजेची फुलं आणायची, आणि त्या बदल्यात ओसरीत झोपायचं नि दोन वेळा जेवायचं असा शिरस्ता होता. वकील गेले आणि पुस्तकं रद्दीत निघाली, तेव्हा त्यांच्या बायकोने ढिगातून एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी उचलून अण्णांच्या हातात दिली. तिला पुठ्ठा नव्हता. पहिली पानं वाळवीने खाल्लेली होती.

अण्णा इंग्रजी शिकले ते त्या डिक्शनरीतून. बोलून दाखवायला कुणी नव्हतं आणि चूक काढायलाही कुणी नव्हतं. काही शब्दांपुढे बारीक अक्षरांत 'ऑब्स' अशी खूण होती. खुणांचे अर्थ सांगणारं पान वाळवीच्या पोटात गेलेलं. अण्णांनी डोकं चालवलं आणि ठरवलं, की हे 'ऑब्झर्व्ह'चं लघुरूप असणार, म्हणजे या शब्दाकडे नीट लक्ष द्या. मग काय विचारता! बाकीचे शब्द त्यांनी नुसते वाचले आणि हे खुणेचे शब्द मात्र घोकून घोकून पाठ केले.

पुढे ते भोरमध्येच इंग्रजीचे मास्तर झाले. आठवड्याच्या रजेचा अर्ज त्यांनी 'सेननाईट'साठी केला, तेव्हा मुख्याध्यापकांना तो काहीतरी आजार वाटला आणि त्यांनी घरी माणूस पाठवून चौकशी केली. अण्णांना त्यात चुकल्यासारखं काहीच वाटलं नाही. फोर्टनाईट म्हणजे चौदा रात्री, तसं सेननाईट म्हणजे सात रात्री. जुने इंग्रज दिवस मोजत नसत, रात्री मोजत असत, असं त्यांनी मुख्याध्यापकांनाच समजावून सांगितलं. औषधाला ते फिजिक म्हणत, जेवणाला व्हिक्च्युअल्स, सकाळच्या वेळेला फोरनून. वेल्ह्याकडची माणसं सरकारी कचेरीत देण्यासाठी त्यांच्याकडून इंग्रजी अर्ज लिहून घेत आणि त्यातलं एक अवाक्षर न कळता खूश होऊन एसटीने परत जात. साहेबालाही कळत नसे, ते वेगळंच.

आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागला, शुभंकरोती झालं, की एक इंग्रजी शब्द व्हायचा. नुसता अर्थ नाही, त्या शब्दाचं आधी काय होतं आणि मग काय झालं, हे सगळं. सिली हा शब्द आधी चांगल्या, सुखी, देवाची कृपा असलेल्या माणसासाठी होता. मग तो भोळ्याभाबड्यासाठी आला, मग बिचाऱ्यासाठी, आणि शेवटी मूर्खासाठी. नाईसचं उलटं झालं, तो मूर्खापासून निघाला आणि छान झाला. मीट म्हणजे आधी कुठलंही खाणं, नंतर फक्त मटण. यॉन्डर सांगताना अण्णा म्हणाले होते, की आपल्याला हितं, तिथं आणि पल्याड आहे, तसं इंग्रजांनाही तिसरं होतं, पण त्यांनी ते टाकून दिलं. यॉन्डर टाकणाऱ्या इंग्रजांचा त्यांना मनापासून राग होता. मला त्या वयात या सगळ्याचा कंटाळा यायचा आणि तरी दुसऱ्या दिवशी आजचा शब्द कुठला म्हणून मीच विचारायची.

आई समोर भाकऱ्या थापत असायची. ती वेल्ह्याच्याच दुसऱ्या एका वाडीची, शाळेची पायरी न चढलेली. "झाली का तुमची आरती?" असं म्हणून ती ताटं घ्यायची. तो कार्यक्रम माझा आणि अण्णांचा होता, तिने त्यात कधी भाग घेतला नाही.

पुण्याच्या कॉलेजात गेल्यावर मला नवी डिक्शनरी मिळाली, पहिल्या पानांसकट. 'ऑब्स' म्हणजे 'ऑब्सोलीट' हे मला तिथे कळलं. वापरातून गेलेला शब्द, मेलेला. मी सुट्टीत घरी आले ती हीच बातमी घेऊन. अण्णांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"मेलेला म्हणजे काय?" ते म्हणाले. "मी बोलतो, तू ऐकतेस. मग तो मेला कसा?"

"परीक्षेत त्याला मार्क मिळत नाहीत, असा मेला," मी म्हणाले.

ते खूप हसले, आणि त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर पुन्हा खुणेचाच शब्द निघाला. मीही पुढे इंग्रजीच शिकवायला लागले, भोरमध्येच, त्याच घरात राहून. लग्न जमलं नाही म्हणणारे आणि लग्न केलं नाही म्हणणारे, दोन्ही प्रकारचे लोक आमच्या गल्लीत आहेत. त्यांचं त्यांना लखलाभ.

मागच्या वर्षी माघात एका सकाळी चहा घेताना अण्णांच्या हातातला कप खाली पडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. कापूरहोळच्या फाट्यावरून पुण्याला हॉस्पिटलात नेईपर्यंत आई त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. काही दिवसांनी अण्णांनी तोंड उघडलं आणि नर्सकडे व्हिक्च्युअल्स मागितले. नर्सला ते तपासणीचं नाव वाटलं. डॉक्टर म्हणाले, दोन भाषा येणाऱ्या एखाद्याच्या बाबतीत असं होतं, एक जाते आणि दुसरी थोडीफार उरते. कुठली उरेल ते आपल्या हातात नसतं.

अण्णांची मराठी गेली होती. इंग्रजीतलेही रोजचे साधे शब्द, वॉटर, राईस, डोअर, हे गेले होते. उरले होते ते ओसरीत बसून घोकलेले. नातेवाईक बघायला यायचे आणि म्हणायचे, "म्हातारपणी साहेब झाले की!" मला अशा माणसांना चहासुद्धा करावासा वाटत नसे, पण आई करायची.

घरी आल्यावर मी दुभाषी झाले. फिजिक म्हणाले की औषध, यॉन्डर म्हणाले की खिडकीपल्याडचा डोंगर दिसेल असा पलंग सरकवायचा. आई विचारायची, "काय म्हंत्यात?" आणि मी सांगायची. मराठी ऐकून त्यांना किती कळतं हे मात्र काही केल्या कळेना. मान हलवायचे, पण तिचा भरवसा नव्हता. चहा हवा का म्हटलं तरी होय, नको का म्हटलं तरी होय. आईकडे बघून हसायचे, पण दारावर आलेल्या भाजीवालीकडे बघूनही तसेच हसायचे.

दर शनिवारी पुण्याहून एक मुलगी त्यांना बोलायला शिकवायला येई. स्पीच थेरपिस्ट. चांगली, कष्टाळू पोर होती, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तिला कुणी नावं ठेवू नयेत. एका शनिवारी मला परीक्षेची ड्यूटी होती. मी संध्याकाळी घरी आले तर आई मागच्या दारात बसली होती, नुसतीच. हातात काही काम नाही आणि आई बसलीय, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"त्या पोरीनं त्यास्नी इचारलं, ही कोन म्हून," ती म्हणाली. "माझ्याकडं बोट करून. हिचं नाव सांगा म्हनली. न्हाई सांगता आलं."

"काहीच बोलले नाहीत?"

"कायबाय म्हनले. तिलाबी न्हाई कळलं. कागदावर कायतरी लिवलं आन म्हनली, आजी, त्यांना अजून वळख पटत न्हाई, येळ लागंल."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "अगं, अण्णांनी जन्मात कधी तुझं नाव घेतलंय का? धडधाकट होते तेव्हा अगं आणि ऐकलंस का यापलीकडे गेले नाहीत, ते आता कसं घेतील? नापास व्हायलाच तो प्रश्न काढलाय!"

"नाव ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "ही माजी, एवडं तरी?"



दुसऱ्या दिवसापासून आईने अण्णांच्या खोलीत जाताना डोक्यावर पदर घ्यायला सुरुवात केली. पाहुणे आल्यावर, वडीलधाऱ्यांसमोर घेतात तसा. तोवर अण्णांची आंघोळ, कपडे, सगळं तीच करत होती. ते तिने सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, "त्यास्नी वळख न्हाई. मंग परक्या बाईनं अंगाला हात लावल्यागत न्हाई का ते? शरम वाटत असंल. बोलता येत न्हाई म्हून गप पडत्यात."

मी भांडले. चक्क ओरडले. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईने नवऱ्याला परकं कसं व्हायचं, काहीतरीच! ती म्हणाली, "तू साळंत शिकीव. ह्यातलं तुला कळत न्हाई." आणि खरंच, कशाच्या जोरावर मी तिला सांगणार होते की ते तुला ओळखतात म्हणून? मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी शिवरे गावचे एक गृहस्थ अण्णांची आंघोळ घालायला, उठवाबसवायला ठेवले. पन्नाशीचे, हाताने हलके, स्वभावाने गरीब. आई स्वयंपाक करायची, ताट वाढून त्यांच्या हाती द्यायची आणि स्वयंपाकघरात बसून राहायची. पलीकडच्या खोलीत नवरा आणि ती इकडे. अण्णांच्या आजाराने मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी या बसण्याने घाबरले. रात्री अंथरुणावर पडले की मला वाटायचं, हे दोघे असेच, एका घरात, एकमेकांना न भेटता जाणार.

असे किती आठवडे गेले ते सांगता येणार नाही. आंघोळीच्या वेळी मी शाळेत, रविवारी बाहेरच्या कामांत असायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी सकाळची घरी राहू लागले. पहिल्याच दिवशी खोलीतून अण्णांचा आवाज आला. मोठा, घसा ताणून काढलेला.

"योकफेलो! योकफेलो!"

मी धावले. शिवऱ्याचे ते गृहस्थ ओला टॉवेल हातात घेऊन उभे होते, ओशाळलेले. म्हणाले, "ताई, आंगुळीच्या वक्ताला रोज असंच वरडत्यात. दुखतं का काय कळंना. म्या तर हळूच हात लावतो."

"रोज?"

"व्हय की. त्या दाराकडं बघत्यात आन वरडत्यात."

ते दार स्वयंपाकघराचं होतं.

मी तो शब्द ओळखला. लहानपणी भातलावणीआधी, चिखलणीच्या दिवसांत आम्ही पासलीला गेलो होतो. आता तिथे पॉवर टिलर आलेत, तेव्हा खाचरात बैलच चालायचे. बांधावर बसून अण्णांनी त्या दिवसाचा शब्द सांगितला होता. योक म्हणजे आपलं जू. नुसता अर्थ तोच असं नाही, शब्दही एकाच मुळाचे, म्हणजे फार मागे कुठंतरी त्यांची आणि आपली भावकी होती. फेलो म्हणजे वाटेकरी. एका जुवाखाली चालणारे दोघे ते योकफेलो, आणि जुने इंग्रज नवराबायकोलाही तसं म्हणत. मला बैलांपेक्षा बेडकांत जास्त रस होता, तरी तेवढं डोक्यात राहिलं होतं.

आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, की अण्णा रोज आंघोळीच्या वेळी तुला हाक मारतात. त्या पोरीलाही त्या दिवशी त्यांनी हेच सांगितलं असणार. तिला तो शब्द ठाऊक नव्हता, म्हणून तिने ओळख नाही असं लिहिलं.

आईचा हात थांबला नाही. "रोज ऐकती म्या. वाटायचं, हात लावलेला खपत न्हाई म्हून वरडत्यात. काय म्हंत्यात मला?"

मी सांगितलं.

"जोतातला बैल?"

"बैल नाही गं. एका जुवाखालचा जोडीदार."

"म्हंजे बैलच की." मग तिने विचारलं, "डावा का उजवा?"

मला कळेना. म्हटलं, "पुस्तकात बाजू दिलेली नाही."

"मंग तुज्या इंग्रजानं कदी नांगुर धरला न्हाई," ती म्हणाली. "बैलाला आपली बाजू ठावं असती. डावा उजवीकडं जुपला की हुबाच ऱ्हातो." तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "आन बाईनं बाप्याला काय म्हनायचं त्यात?"

"तोच शब्द. दोघांना एकच."

"येकच?"

"एकच."

तिने सूप खाली ठेवलं. ती त्यांना अहो म्हणायची आणि ते तिला अगं. एकमेकांना एकाच शब्दाने हाक मारायची अशी गोष्ट या दोघांच्या आयुष्यात नव्हती. तिने तो शब्द माझ्याकडून वदवून घेतला, मग स्वतः म्हणून पाहिला, पुन्हा म्हणून पाहिला. इंग्रजी शब्द म्हणताना मुलं लाजतात तशी ती लाजली नाही. एखादं औषध कसं घ्यायचं ते विचारून घ्यावं, तसं तिने ते विचारून घेतलं. मग हात धुतले, पदर कमरेला खोचला आणि खोलीत गेली. शिवऱ्याच्या गृहस्थांना म्हणाली, "दादा, तुमी च्या घ्या जा," आणि टॉवेल त्यांच्या हातून घेतला. पलंगाच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. मी दारात होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

आत ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. ओरडण्याचा आवाज बंद झाला, एवढं खरं. मग पाण्याचा आवाज आला, मग अण्णांचा आवाज, हळू, आणि मग आईचा. मी मागच्या दारी जाऊन पायरीवर बसले आणि पोटभर रडले. इतका आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही.

पुढे आंघोळ तिचीच राहिली. बाकीचे शब्दही शिकवू का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "ते तुमचं तुमी ठेवा."

ती मुलगी शनिवारी आली तेव्हा मी मुद्दाम खोलीत थांबले. काय सांगायचं ते मनात तयार ठेवलं होतं. योक, जू, फेलो, शब्दाचं मूळ, जुन्या इंग्रजांची रीत, सगळं. तिने चित्रं दाखवली, कप, खुर्ची, झाड. अण्णांना जमलं तेवढं त्यांनी केलं. आई त्यांच्या डाव्या अंगाला बसली होती. शेवटी त्या मुलीने कागद पुढे ओढला, आईकडे बोट केलं आणि इंग्रजीत विचारलं, "सर, या कोण?"

"योकफेलो," अण्णा म्हणाले. एकदाच, न ओरडता.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिचं पेन कागदावर थांबलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढे झाली.

"म्या," ती म्हणाली. "म्या हाय ती. लिव पोरी."